चैत्रात माळावरून परत जाणारे पक्षी कसे बघायचे

थंडीत पाहुणे पक्षी आले की सगळीकडे फोटो सुरू होतात, भिगवणला गाड्यांची रांग लागते, पण हेच पक्षी परत कधी जातात असं विचारलं की सगळे गप्प, कारण येणं दिसतं, जाणं दिसत नाही, एक दिवस आपण माळावर जातो आणि ते नसतात. हे जाणं कसं पकडायचं ते सांगतो.

मी बघतो तो पट्टा दिवेघाट चढून वर सासवडचा माळ आणि पुढे मोरगाव-सुप्याकडचा भाग, पण सातारा, सांगली, सोलापूर, नगर कुठलाही कोरडा माळ असला, थोडं गवत, बाभळी, एखादं तळं आणि आसपास ज्वारीची रानं असली की झालं. जागा एकच ठरवा आणि होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत दर आठवड्याला तिथेच जा, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. दर रविवारी नवीन स्पॉट केला तर पक्षी भरपूर दिसतील पण कोण कधी गेलं ते कधीच कळणार नाही. शेवटचा पक्षी दिसतो त्या दिवशी तो शेवटचा आहे हे आपल्याला माहीत नसतं ना, ते पुढचे दोन-तीन आठवडे रिकाम्या हाताने परत आल्यावर कळतं, म्हणून न दिसलेलंही लिहायचं. वहीत तारीख, वेळ, किती वेळ थांबलो, आणि एखादा पक्षी दिसला नाही तर "थिरथिरा ०" असं त्याच्या नावासकट स्पष्ट लिहा. ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या वेबसाइटवर, टाकत असाल तर दिसलेले सगळे पक्षी टाकून पूर्ण चेकलिस्ट करा, फक्त आवडीचे दोन टाकू नका. २००७ मध्ये भारतात मायग्रंटवॉच नावाचा उपक्रम सुरू झाला होता तो साध्या लोकांनी कळवलेल्या अशाच पहिल्या आणि शेवटच्या तारखांवर चालायचा, त्यामुळे आपल्या वहीला काय किंमत असं मनात आणू नका.

सुरुवात भोरड्यांपासून करा. गुलाबी मैना, पळसमैना, भोरडी, सगळी एकाच पक्ष्याची नावं. मध्य आशियातून येतात, ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच यायला लागतात आणि एप्रिल संपता संपता बहुतेक निघून जातात. ज्वारी उभी असते तोवर शेतकऱ्याच्या डोक्याला ताप, एका मामांनी मला सांगितलं होतं "भोरड्या गेल्या की आमची राखण सुटली", आणि त्यांचं काही चूक नाही, पण तीच भोरडी रानातले टोळ-नाकतोडेही भरपूर खाते. यांना बघायला फुललेला पळस, पांगारा नाहीतर काटेसावर शोधा आणि सूर्य पाठीशी येईल असं सकाळी साडेसहा-सातला जाऊन बसा, वीस-तीस पावलं लांब, हलायचं नाही. मागच्या वर्षी एका पळसाखाली असाच बसलो होतो तर एक नर अगदी खालच्या फांदीवर आला, फुलात डोकं घालून मध प्यायला आणि बाहेर आला तेव्हा काळ्या कपाळावर पिवळे परागकण चिकटलेले, मागे लांब शेंडी, अंग गुलाबी, आणि हिवाळ्यात हाच पक्षी मळकट दिसत होता. यात गंमत अशी की तो रंग नवीन पिसं येऊन आलेला नाही, पिसांच्या मळकट कडा झिजून गेल्या आणि खालचा खरा रंग वर आला. त्यामुळे रंग किती चढलाय तेही वहीत लिहा, निघायची वेळ जवळ येते तसा तो चढत जातो.

संध्याकाळी हेच थवे बाभळींच्या गर्दीत किंवा उसात झोपायला येतात, तेव्हा आकाशात जे चालतं ते बघायलाच हवं. मोजताना आधी दहा पक्षी किती जागा व्यापतात ते नजरेत बसवा, मग शंभर, मग तेवढे ठोकळे किती ते मोजा. अंदाज चुकेल, चालेल, दर वेळी एकाच पद्धतीने मोजा म्हणजे झालं.

धोबी आणि थिरथिरा हे घराजवळही बघता येतात. करड्या धोब्याच्या नराचा गळा मार्चमध्ये काळा व्हायला लागतो, तसा दिसला की समजायचं आता याचे थोडे दिवस राहिले. थिरथिरा म्हणजे दगडावर बसून शेपूट थरथरवणारा तो, पाडव्याच्या मागेपुढे गायब होतो, लक्ष ठेवा.

भोवत्यांसाठी मात्र संध्याकाळ राखून ठेवा. हे शिकारी पक्षी गवतावरून अगदी खालून, पंख व्ही आकारात धरून तरंगत जातात आणि रात्री चक्क जमिनीवर गवतात झोपतात, बरेच जण एका जागी. सूर्य मावळायच्या तासभर आधी पोचायचं, निदान दोनशे मीटर लांब बसायचं, आणि गवतात उतरणारा प्रत्येक भोवत्या मोजायचा. राखाडी म्हणजे नर, तपकिरी म्हणजे मादी किंवा पिल्लू, एवढा फरक पुरे, मॉन्टेग्यूज की पॅलिड, म्हणजे भोवत्याची नेमकी जात कुठली, यात सुरुवातीला अडकू नका. आठवड्यागणिक आकडा खाली येताना बघितला की स्थलांतर खरंच डोळ्यांसमोर घडतंय असं वाटतं. दिवसा हेच मोठे पक्षी ऊन तापल्यावर नऊच्या पुढे गरम हवेच्या भोवऱ्यात गोल गोल वर चढतात, तेव्हा घाटमाथ्याच्या कडेला उभं राहून दुर्बीण आकाशाला लावायची.

आणि प्लीज, गवतात गाडी घालू नका, त्या दिवसात टिटवी आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, पायाखाली आलं तरी कळत नाही. बिडी-सिगरेट माळावर नकोच, एका वणव्यात भोवत्यांची झोपायची जागा जाते, मी एकदा ती काळी पडलेली बघितली आहे आणि त्या संध्याकाळी भोवते वरून दोन-तीन घिरट्या मारून निघून गेले, अजून आठवलं की वाईट वाटतं. कुणाच्या रानात जायचं तर आधी राम राम करून विचारा. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं, तिथे वनखात्याचे नियम पाळा, चिंकाराही दिसेल.

सामान फार नको, ८x४२ ची (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण, टोपी, दोन लिटर पाणी, वही. पौर्णिमेच्या आसपास रात्री गच्चीवर ती दुर्बीण चंद्रावर धरून अर्धा तास बसा, वटवट्यांसारखे छोटे पक्षी रात्रीच प्रवास करतात, नशीब असेल तर चंद्रावरून एखादी बारीक सावली सरकन जाते. कोण होता ते कळत नाही, "१ पक्षी, चंद्रावरून" असं लिहायचं.

अक्षय्य तृतीयेनंतरही दोन खेपा माराच, सगळीकडे शून्यच भरायला लागलं तरी. मग पावसाच्या तोंडावर चातक येईल, त्याची पहिली तारीख नवीन पानावर.