मधुमालतीची कात्री फेब्रुवारीतच चालवा

इंदूरची थंडी ओसरू लागली की फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात मधुमालती छाटून घ्यावी. या वेलीला फूल येतं ते नव्या फुटव्याच्या शेंड्यावर. जुन्या लाकडावर नाही. छाटणी टाळली तर वेल गच्चीपर्यंत चढते, खाली नुसत्या काटक्या उरतात आणि घोस वर शेजाऱ्यांच्या खिडकीशी लटकतात. उलट जून-जुलैत, वेल फार पसरली म्हणून, कात्री लावली तर ऐन बहरातले शेंडेच जातात.

आधी वाळलेल्या आणि एकमेकींत गुंतलेल्या फांद्या बुडातून काढाव्यात. चार ते सहा जोमदार मुख्य फांद्या ठेवून त्यांच्या बाजूच्या फांद्या दोन-तीन डोळ्यांवर (डोळा म्हणजे कोंब फुटण्याची जागा) कापाव्यात. वर्षानुवर्षं हात न लागलेली वेल जमिनीपासून तीन फुटांवर सरळ उतरवली तरी फुटते. पान गळल्यावरही देठाचं टोक फांदीवर काट्यासारखं राहतं, त्याच्याच आधाराने वेल चढते. तेव्हा पूर्ण बाह्या आणि जाड हातमोजे हवेतच. आधार लोखंडी पाइपाचा किंवा जाड तारेचा असावा. सुतळी पहिल्याच पावसाळ्यात भाराने तुटते.

छाटणीनंतर आळं खुरपून प्रत्येक वेलीला पाच किलो कुजलेलं शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड द्यावी. युरिया नको. नत्र जास्त झालं की पानं तळहाताएवढी होतात, फूल मात्र रुसतं. दिवसाला पाच-सहा तास ऊन मिळत नसेल तर खताने काही साधत नाही.

माळव्याच्या काळ्या मातीत खरी गफलत पाण्याची होते. वरून भेगाळलेली माती चार बोटं खाली ओली असते. बोट घालून पाहावं, खाली कोरडं लागलं तरच पाणी द्यावं, पण द्यायचं तर भरपूर. एप्रिल-मेमध्ये आळ्यावर पाचोळ्याचा तीन बोटं थर हवा. भेगा रुंदावल्या की बारीक मुळं तुटतात.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची उणीव. काळ्या मातीतला चुना, बोअरचं जड पाणी आणि नव्या वसाहतींत अंगणाखाली गाडलेला बांधकामाचा मलबा यांमुळे मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि एक ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावं. दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड) असेल तर लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणपाणी. दोन्ही फवारे एकत्र करू नयेत.

नवी वेल लावायची असेल तर छाटलेल्या फांद्यांतून पेन्सिलीएवढे जाड, तीन-चार डोळ्यांचे तुकडे रेती आणि शेणखतात सावलीला लावावेत. मुळांतून दूरवर निघणारे फुटवे त्याहून खात्रीचे. ते मुळासकट उचलून पावसाच्या तोंडावर लावावेत, मात्र जमिनीच्या अर्धा फूट वर उंचवटा करूनच. काळ्या मातीतल्या खड्ड्यात पावसाळाभर पाणी साचून राहतं आणि कोवळं रोप मुळांतून कुजतं.