जुना अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरला जोडण्याआधी

१९७८ साली आलेला एनएडी ३०२० हा दर चॅनेलला २० वॅटचा, सिग्नल घेणारा प्रीअ‍ॅम्प आणि स्पीकर चालवणारा पॉवर अ‍ॅम्प एकाच पेटीत असलेला इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर. वॅटचा आकडा लहान असला तरी संगीतातल्या क्षणिक झटक्यांना लागणारा जास्तीचा करंट तो देतो, म्हणून जुन्या बाजारात आजही लोक तो शोधतात. असा सेट हाती आला की थेट चांगल्या स्पीकरला जोडू नका. खालची तपासणी त्या काळच्या बहुतेक ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पना चालते.

आधी मागची पट्टी वाचा. अमेरिकेतून आलेला सेट १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टवर लावला तर ट्रान्सफॉर्मर जातो. त्याला स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लागेलच.

पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बल्बमधून. फेजच्या वायरमध्ये होल्डर घेऊन ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब लावा. एलईडी इथे उपयोगाचा नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक: फिल्टर कपॅसिटर भरताना तेवढा करंट जातोच. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, बहुधा आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा रेक्टिफायर. लगेच बंद करा.

बल्ब मंदावला की तो काढून सेट थेट विजेवर घ्या. आवाजाचा नॉब शून्यावर, स्पीकर सुटे. मल्टिमीटर डीसीवर ठेवून प्रत्येक चॅनेलच्या लाल-काळ्या टर्मिनलांमध्ये मोजा, दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर स्पीकर लावता येईल. काही व्होल्ट दिसले तर मुळीच नाही. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन ३० व्होल्ट डीसी ८ ओहमच्या कॉइलवर आला, तर ११० वॅटहून जास्त उष्णता तिथेच तयार होते आणि कॉइल बघता बघता जळते.

एक चॅनेल मुका किंवा मध्येच गायब होत असेल तर ट्रान्झिस्टर बदलायची घाई नको. ३०२०च्या मागे प्री-आउट (प्रीअ‍ॅम्पमधून सिग्नल बाहेर) आणि मेन-इन (पॉवर अ‍ॅम्पमध्ये आत) जोडणाऱ्या यू आकाराच्या धातूच्या पट्ट्या असतात. त्या काळवंडल्या की सिग्नल तिथेच अडतो. हरवल्या असतील तर आवाजच येणार नाही. सेट बंद करून त्या काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. चालू सेटमध्ये त्यांना हात लावला तर स्पीकरला मोठा दणका बसतो. नॉबची खरखर असेल तर पॉटच्या (नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरच्या) फटीत कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब वीस-तीस वेळा पूर्ण फिरवा, आणि वाळू द्या.

बायस, म्हणजे सिग्नल नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट, मात्र जपून. आतल्या एमिटर रेझिस्टरवरचे मिलिव्होल्ट मोजायचे, त्याला ओहमने भागले की करंट मिळतो: ०.२२ ओहमवर १० मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे ४५ मिलिअ‍ॅम्पिअर. किती हवा ते त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. बायस जुळवायचा चाळीस वर्षांचा ट्रिमर (छोटा बदलता रेझिस्टर) फिरवताना त्याचा संपर्क सुटू शकतो. पुष्कळ सर्किटांमध्ये त्यामुळे बायस एकदम वर जातो आणि ट्रान्झिस्टर उडतात. म्हणून सेट बंद असताना ट्रिमर नवा टाकून मगच जुळवणी करावी. सोल्डरिंगआधी फिल्टर कपॅसिटरवरचा व्होल्टेज मोजा. शिल्लक असेल तर १०० ओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून उतरवा, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून नको.

आता जोडणी. सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारा डबा) सुमारे २ व्होल्ट देतो, तर या काळातल्या लाइन इनपुटला दीडशे-दोनशे मिलिव्होल्ट पुरतात. त्यामुळे नॉब थोडा फिरवला तरी आवाज मोठा होतो. तो दोष समजू नका. फोनो इनपुटला सीडी कधीही लावू नये, ते टर्नटेबलच्या सुईमागच्या, काही मिलिव्होल्ट देणाऱ्या कार्ट्रिजसाठी आहे: आवाज फाटतो आणि बास फुगतो. टर्नटेबलवर ५० हर्ट्‌झची घुमघुम आली तर त्याची अर्थ वायर मागच्या जीएनडी स्क्रूला कसली आहे का ते आधी बघा. नॉब शून्यावर असतानाही दोन्ही चॅनेलमध्ये १०० हर्ट्‌झचा हम ऐकू येत असेल तर फिल्टर कपॅसिटर बदलायला झालेत.

३०२०च्या मागचा सॉफ्ट क्लिपिंगचा स्विच रोजच्या ऐकण्यात चालू असू द्या. अ‍ॅम्प मर्यादेला पोचला की लहरीचे माथे तुटण्याऐवजी गोल होतात, आणि ट्वीटर वाचतो.