मालिकेच्या भागांत पुन्हा पुन्हा येणारे तुकडे संगणकाकडून कसे शोधावेत

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या अनेक मराठी घरांत मराठी मालिका संपली की त्याच टीव्हीवर कन्नड मालिका लागते. त्यामुळे घरी करून ठेवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये दोन्हींची शीर्षकगीते, जाहिराती आणि ‘मागील भागात’ची दृश्ये एकामागोमाग एक येतात. असा संग्रह नीट लावायचा असेल, तर प्रत्येक भागात मूळ कथा कुठे सुरू होते आणि कुठे थांबते, हे आधी कळावे लागते. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच आहे आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. त्यांनाही हा विषय घेण्याजोगा आहे.

बहुतेक जण पहिल्याच दिवशी मोठे मॉडेल शिकवायला घेतात. माझ्या मते सुरुवात तुलनेने करावी. शीर्षकगीत कसे असते हे संगणकाला शिकवण्याची गरज नसते. दोन भाग शेजारी ठेवले की जो आवाज दोन्हींत जसाच्या तसा सापडतो, तोच आपल्याला हवा असलेला तुकडा असतो. त्यासाठी एकाच मालिकेचे सलग आठ-दहा भाग घ्यावेत, फाइलच्या नावात भागाचा क्रमांक घालावा आणि एफएफएमपेग या मोफत ध्वनी-चित्र साधनाने प्रत्येकाचा आवाज एकाच ध्वनिपट्टीत (मोनो), सारख्याच सँपल दराने (दर सेकंदाला आवाजाची तितकीच मोजमापे घेऊन) वेगळा काढावा.

मग क्रोमाप्रिंट या मुक्त साधनाने प्रत्येक भागाचा ध्वनिठसा, म्हणजे आवाजाची संख्यांतली ओळखखूण, तयार करावा. हे साधन आवाजाची ऊर्जा सप्तकातल्या बारा स्वरांत वाटते आणि दर सेकंदाला सुमारे आठ, प्रत्येकी 32 बिटांच्या (0 किंवा 1 अशा 32 खुणांच्या), संख्या देते. बावीस मिनिटांच्या भागाच्या अशा साधारण साडेदहा हजार संख्या होतात. दोन भागांतल्या संख्यांची जोडी घेऊन किती बिट वेगळे आहेत ते मोजावे. परस्परांशी संबंध नसलेल्या आवाजांत हा फरक सोळाच्या आसपास असतो. सहापर्यंत फरक असेल तर जुळणी धरावी, ही सुरुवातीची मर्यादा चालते. एक भाग दुसऱ्यावर पुढे-मागे सरकवत गेल्यावर एखाद्या अंतरावर जुळण्यांची लांब, सलग रांग दिसते. समजा, एका भागात 95 व्या सेकंदापासून आणि दुसऱ्यात 140 व्या सेकंदापासून पुढची चाळीस सेकंदे जुळली, तर शीर्षकगीत सापडले असे मानायला हरकत नाही. अधूनमधून एखादी संख्या चुकली तरी रांग तोडू नये.

येथे दोन गोष्टी हमखास फसवतात. शांतता शांततेशी नेहमीच जुळते, म्हणून अगदी कमी आवाजाचे भाग आधीच वगळावेत. शिवाय खलनायिका पडद्यावर आली की वाजणारे पार्श्वसंगीतही प्रत्येक भागात तेच असते, म्हणून पंधरा सेकंदांहून लहान जुळणी लगेच ग्राह्य धरू नये. कॅसेटवरून उतरवलेल्या भागांत आणखी एक अडचण असते: फीत किंचित वेगाने किंवा संथ फिरली असेल, तर एका मिनिटाच्या गाण्यात एक टक्क्याच्या फरकाने सहा दशांश सेकंदांची तफावत पडते, म्हणजे जुळणी पाच संख्यांनी सरकते. अशा वेळी अंतर स्थिर न मानता त्याला थोडे हलू द्यावे.

या कामातला सर्वांत उपयोगी भाग यानंतर येतो. तुकडा कोणत्या रीतीने परत येतो, यावरूनच तो काय आहे हे बहुतेक वेळा ठरते. सर्व भागांत एकेकदा येतो ते शीर्षकगीत किंवा शेवटची श्रेयनामावली. एकाच भागात दोन-तीनदा येतो आणि दुसऱ्या मालिकेच्या रेकॉर्डिंगमध्येही सापडतो ती जाहिरात. मराठी आणि कन्नड वाहिन्यांवर तीच जाहिरात वेगळ्या भाषेत लागते, तेव्हा आवाज पुरेसा जुळत नाही, पण चित्र जुळते. फक्त लगतच्या दोन भागांत जुळते ते बहुधा ‘मागील भागात’ किंवा ‘पुढील भागात’. ही उजळणी बहुधा नव्या संगीतावर, तुकडे जोडून केलेली असते, त्यामुळे तिच्यासाठी दर सेकंदाच्या एका चौकटीचा (स्थिर चित्राचा) 64 बिटांचा चित्रठसा, म्हणजे चित्राची तशीच ओळखखूण, काढून तो शेजारच्या भागाशी ताडावा.

एवढे करूनही जे हाती लागत नाही, तेथे मशीन लर्निंग वापरावे. यामनेट किंवा व्हीजीजीइश यांसारखे आधीच शिकवलेले मॉडेल साधारण एका सेकंदाच्या आवाजाचे अंकांत रूपांतर करते. त्यावर हाताने खुणा केलेल्या भागांच्या आधारे एक साधे वर्गीकरण शिकवले, तरी संवाद, गाणे आणि जाहिरात बऱ्यापैकी वेगळी करता येतात. निवेदकाचे ‘मागील भागात आपण पाहिलंत’ शोधायचे असेल, तर बोलणे मजकुरात उतरवणाऱ्या व्हिस्पर या मॉडेलला मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा येतात. मात्र भाषा कोणती हे त्याला स्वतः सांगावे, कारण आपल्याकडच्या मिश्र रेकॉर्डिंगमध्ये त्याचा अंदाज चुकू शकतो. शिकवायचे आणि तपासायचे नमुने वेगळे करताना संपूर्ण भाग वेगळे काढावेत. त्याच भागातली शेजारची सेकंदे दोन्हीकडे गेली, तर अचूकता खोटी वाढते आणि नव्या मालिकेवर सारे कोसळते.

तुकड्याच्या कडा आवाजावरून एखाद्या सेकंदाने चुकतात, म्हणून त्या जवळच्या दृश्यबदलाशी नेऊन बसवाव्यात. तपासणीत चुकून कापले गेलेले दृश्य अधिक गंभीर मानावे. राहून गेलेले शीर्षकगीत कुणी पुढे सरकवू शकते, पण कथेतला गेलेला संवाद पाहणाऱ्याला मिळत नाही. याच कारणासाठी मूळ फाइल कधीही कापू नये. सुरुवातीच्या आणि शेवटाच्या वेळा वेगळ्या मजकूर-फाइलीत लिहाव्यात. कोडीसारखा व्हिडिओ प्लेअर त्या ईडीएल (वगळायच्या वेळांची यादी) स्वरूपात वाचून तेवढा भाग आपोआप वगळतो, आणि मर्यादा बदलून पुन्हा शोध घ्यायचा झाला तर रेकॉर्डिंग जसेच्या तसे शिल्लक असते.