हायब्रिडचं खरं मायलेज टाकीवरून काढा
नवी हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्ही असलेली गाडी) आली तेव्हा मी स्क्रीनवरच्या आकड्यावरच खूश होते. पण तो गाडीने लावलेला अंदाज. खरा हिशोब टाकीतून निघतो.

टाकी फुल करा आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबा. रक्कम पूर्ण करायला वरून थेंबभरही नको. ट्रिप मीटर शून्यावर आणा. टाकी पाव उरली की शक्यतो त्याच पंपावर, त्याच नोझलने पुन्हा फुल करा. चाललेले किलोमीटर भागिले आत्ता भरलेले लिटर. माझ्या वहीतली पहिली नोंद: ६१२ किमी, २७.२ लिटर, म्हणजे लिटरला २२.५ किमी. स्क्रीन २३.८ दाखवत होती.

नोझल लिटरभर आधी-नंतर बंद पडलं, तरी उत्तर लिटरमागे सुमारे ०.८ किलोमीटरने हलतं. म्हणून निदान पाच टाक्यांच्या सगळ्या किलोमीटरच्या बेरजेला सगळ्या लिटरच्या बेरजेने भागा. सरासऱ्यांची सरासरी काढू नका.

दहा मिनिटांच्या फेरीवरून तर काहीच ठरवू नका. बॅटरी आधीच भरलेली असेल तर आकडा फुगतो, इंजिन गार असेल तर पडतो. प्लग-इन (बाहेरून चार्ज होणारी) हायब्रिड असेल तर चार्जिंगचे युनिट वेगळे लिहा.