वचन वाचतो, पण जगत का नाही? रोजच्या सवयींतल्या या चुका टाळा

नव्या वर्षी अनेक ख्रिस्ती घरांत एकच संकल्प होतो: यंदा पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, पूर्ण वाचायचे. ६६ पुस्तके, १,१८९ अध्याय, म्हणजे रोज तीन-चार अध्याय. उत्पत्ती आणि निर्गम गोष्टीसारखे सरकतात. फेब्रुवारी लागला की लेवीय हे तिसरे पुस्तक येते, होमबली आणि शुद्धाशुद्धतेचे नियम सुरू होतात आणि वाचन थांबते. मग राहिलेले सगळे एका रविवारी उरकायचा प्रयत्न होतो. तो करू नका. सुटलेले सुटू द्या, आजचा भाग आज वाचा. लेवीय जड जात असेल तर थेट एकोणिसाव्या अध्यायावर जा. ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही आज्ञा प्रभू येशूने तिथूनच घेतली आहे, आणि त्या प्रीतीचा रोजचा व्यवहारही त्याच अध्यायात लिहिलेला आहे.

वाचले म्हणजे पाळले, असे धरून चालणे

माझ्या मते ही सगळ्यांत मोठी चूक. अध्यायापुढे खूण केली, सकाळी सगळ्या ग्रुपवर वचन (बायबलमधली ओळ) पाठवले, की कर्तव्य झाले असे वाटते. नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोब मात्र स्पष्ट सांगतो की जो केवळ ऐकतो आणि आचरण करत नाही, तो स्वतःलाच फसवतो.

उपाय असा: भाग लहान घ्या आणि वाचून झाल्यावर विचारा, आज हे कोणासाठी करायचे आणि कधी? लेवीय १९:१३ म्हणते, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये. आता आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा पगार आठवा. ‘सुट्टे नाहीत’, ‘साहेब गावाला गेलेत’, ‘पुढच्या आठवड्यात बघू’ असे म्हणताना आपल्याला पाप वाटत नाही, कारण रक्कम आपल्या लेखी लहान असते. त्यांच्या घरी त्याच पैशांवर किराणा आणि मुलांची फी अडलेली असते. पगाराची तारीख ठरवा आणि आदल्या दिवशी पैसे बाजूला काढा. ही सवय वचनातून आलेली आहे, आणि माझ्या लेखी ती चार अध्याय वाचण्याइतकीच भक्तीची आहे.

रविवारचेही तसेच. उपासनेनंतर पाहुणे जेवायला येणार म्हणून त्याच दिवशी मावशींना जास्त वेळ थांबवले जाते. निर्गम २०:१० मधली विसाव्याची आज्ञा दास, दासी, गुरेढोरे आणि परक्या माणसालाही लागू आहे. विसावा फक्त घरमालकाचा नाही. रविवारची भांडी घरच्यांनी घासावीत आणि मावशींना भरपगारी सुटी द्यावी.

उपास करून घरादाराला धारेवर धरणे

प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, मांस सोडले, चहा सोडला, पण चिडचिड वाढली, हे पुष्कळ घरांत दिसते. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ५८वा अध्याय नेमके इथेच बोट ठेवतो: उपासाच्या दिवशी भांडता आणि मजुरांना राबवून घेता, मग असा उपास देवाने का मानावा? वाचलेले पैसे त्याच आठवड्यात भुकेल्याच्या ताटापर्यंत पोचवा, म्हणजे उपासाला अर्थ राहील. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात उपाशी मुली आणि विधवांना केडगावला आणून आसरा दिला. त्याच रमाबाई पुढे हिब्रू-ग्रीक शिकून मराठी बायबलच्या भाषांतराला बसल्या. अभ्यास आणि भाकरी त्यांनी वेगळी केली नाही.

ओळ उचलायची, संदर्भ सोडायचा

फिलिप्पै ४:१३, ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करू शकतो’, परीक्षेच्या पॅडवर चिकटवतात. ती ओळ प्रेषित पौलाने कैदेत लिहिली, आणि आधीच्या दोन वचनांत तो भुकेत व भरपुरीत समाधानी राहायला शिकल्याचे सांगतो. यिर्मया २९:११, ‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत’, हे तर बाबेलमधल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातले आहे, आणि त्याच्याच आधीच्या वचनात ७० वर्षांची मुदत आहे. आधीची-नंतरची पाच वचने वाचल्याशिवाय ओळ पाठ करू नका.

कौटुंबिक प्रार्थनेत मुलांची हजेरी घेणे

‘प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे’ असे मुलासमोर रोज म्हटले की ते मूल प्रार्थनेला बसायचे टाळू लागते. एक गीत, मुलाने वाचलेली चार वचने आणि दहा मिनिटे, एवढे पुरे.

दान देऊन नाते टाळणे

दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) वेळेवर, पण आईच्या औषधांचा खर्च भावावर ढकललेला. मार्क ७ मध्ये येशू याच पळवाटेवर रागावतो: देवाला अर्पण केले असे म्हणून आईबापांचे देणे चुकवता येत नाही. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ज्याच्याशी बोलणे बंद आहे, त्याचेही हेच. मत्तय ५:२३-२४ प्रमाणे अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी समेट करायचा आहे. प्रभुभोजनाच्या (चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) आधीच्या आठवड्यातच फोन करा, रविवारी दारात गडबडीने हात मिळवू नका. समोरच्याने फोन घेतला नाही तर निरोप ठेवा आणि काही दिवसांनी पुन्हा करा. पौलाने रोमकरांस लिहिताना सर्वांशी शांतीने राहायला सांगितले, पण ‘तुमच्याकडून होईल तितके’ एवढेच मागितले आहे.