उन्हाळ्याआधी फिशटँकची तयारी: आधी हवा, मग गारवा

उन्हाळ्यात टाकीतले मासे दगावले की आपण पाणी तापल्याला दोष देतो. तो खरा असला तरी अर्धाच आहे. गरम पाण्यातला मासा बहुतेक वेळा गुदमरून मरतो. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंश सेल्सिअसला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात, ३५ ला जेमतेम सात. माशाच्या अंगाचं तापमान पाण्याबरोबरच चढतं, त्यामुळे नेमका याच वेळी त्याला प्राणवायू जास्त लागतो. म्हणून या यादीचा क्रम थोडा वेगळा आहे. आधी पाण्यातली हवा, मग पाण्याचा गारवा, आणि महागडी यंत्रं सगळ्यात शेवटी.

सुरुवात थर्मामीटरपासून. काचेला बाहेरून चिकटवायची रंगीत पट्टी असेल तर ती राहू द्या, पण तिच्यावर विसंबू नका. ती खोलीतल्या हवेचाही परिणाम दाखवते. पाण्यात बुडणारा काचेचा थर्मामीटर किंवा वायरीच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल घ्या आणि हीटरपासून लांब लावा. उकाडा सुरू होण्याआधीच काही दिवस सकाळी दिवा लावण्याआधी एकदा आणि संध्याकाळी एकदा आकडा लिहून ठेवा. दिवसभरात टाकी किती अंश चढते आणि रात्रीत किती उतरते, हे कळलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. लहान टाकी झपाट्याने तापते, मोठी सावकाश तापते आणि निवायलाही वेळ घेते.

त्या आकड्यांशेजारी आपल्या माशांची मर्यादा लिहा. उष्ण प्रदेशातले बहुतेक शोभेचे मासे २४ ते २८ अंशांत मजेत राहतात. डिस्कसला २८ ते ३० लागतात, म्हणजे इतरांचा उकाडा ही त्याची नेहमीची हवा. गोल्डफिश मात्र थंड पाण्याचा मासा. त्याला १८ ते २३ अंश मानवतात, आणि तो अंगाने मोठा व खादाड असल्यामुळे प्राणवायूही भरपूर खातो. गोल्डफिश पाळणाऱ्यांचा उन्हाळा इतरांच्या बराच आधी सुरू होतो. निऑन टेट्रा २६ च्या पुढे कुरकुरायला लागतात. चेरी श्रिंपसारख्या छोट्या कोळंब्याही २८ च्या वर फार दिवस काढत नाहीत. फायटर आणि गुरामी यांना वरची हवा थेट घेता येते. ते अधूनमधून पृष्ठभागावर येऊन घोट घेतात, त्याने घाबरू नका. पण त्यांच्या टाकीत पाण्याची पातळी आणि झाकण यांच्यात मोकळी जागा हवीच.

आता हवा. एअर पंप घरात असेल तर तो काढून चालवून बघा. नळी कडक झाली असेल, एअर स्टोन (नळीच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) शेवाळाने बुजला असेल, तर दोन्ही बदला. ही सगळ्यात स्वस्त तयारी आहे. बुडबुड्यांमधून थेट फारसा प्राणवायू मिळत नाही. त्यांचं मोठं काम पृष्ठभाग हलता ठेवणं आणि तळाचं पाणी वर आणणं. तेच काम फिल्टरही करू शकतो: बाहेर पडणाऱ्या धारेचं तोंड वरच्या दिशेला वळवा, किंवा पाण्याची पातळी दोन-तीन सेंटिमीटर उतरवा म्हणजे धार खळखळत पडेल. पृष्ठभागावर तेलकट साय दिसत असेल तर कोरा कागद अलगद टेकवून ती उचलून घ्या, कारण त्या थराखाली वायूंची देवघेव मंदावते. डकवीडसारखी तरंगती झाडं पसरली असतील तर निदान अर्धा पृष्ठभाग मोकळा करा. पंप पाण्याच्या पातळीच्या खाली ठेवत असाल तर नळीत एकदिशा व्हॉल्व बसवा. नाहीतर वीज गेल्यावर टाकीतलं पाणी नळीतून उलटं पंपात येतं.

आवाजामुळे झोपमोड होते म्हणून रात्री पंप बंद करणारे पुष्कळ आहेत, आणि उन्हाळ्यात ही सवय महागात पडते. झाडं दिवसा प्राणवायू सोडतात, पण अंधारात तीही तो वापरतात. त्यामुळे पाणी सगळ्यात गरम संध्याकाळी असलं तरी प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो पहाटे. रात्री ठीक असलेले मासे सकाळी मेलेले सापडतात, त्याचं कारण पुष्कळदा हेच. झाडांच्या टाकीत कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर दिवा मालवण्याआधीच तो बंद होऊ द्या. आवाजच नको असेल तर पंपाखाली स्पंजाचा तुकडा घाला, पण पंप चालू ठेवा.

फिल्टरची सफाई उकाडा वाढण्याआधी उरकून घ्या. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा, नळाच्या पाण्यात नको. क्लोरीनने त्यातले उपयोगी जीवाणू मरतात आणि ऐन उन्हाळ्यात अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून तयार होणारं विष, चढतो. सगळे थर एकाच दिवशी धुऊ नयेत.

पाणी गार करण्याचा सगळ्यात चांगला घरगुती उपाय म्हणजे साधा पंखा. पाण्याची वाफ होताना ती पाण्यातलीच उष्णता घेऊन जाते. १०० लिटरच्या टाकीतून एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं, तर हिशेबाने साडेपाच-पावणेसहा अंशांइतकी उष्णता बाहेर जाते. खोलीकडून उष्णता परत येत राहत असल्याने प्रत्यक्षात दोन ते चार अंशांचा फरक पडतो, आणि तेवढा बहुतेकांना पुरतो. पंखा पृष्ठभागावर तिरका वारा घालेल असा लावा. काचेवर वारा मारून फार काही साधत नाही. कॉम्प्युटरमधल्यासारखे छोटे १२ व्होल्टचे पंखे किंवा काठाला चिमट्याने बसणारे तयार पंखे चालतात. पण चिमटा घट्ट आहे ना, हे हलवून बघा. घरातला मोठा पंखा लावायचा असेल तर तो पाण्यात कोसळणार नाही अशा जागी ठेवा. प्रत्येक वायर सॉकेटच्या खालपर्यंत झोळ घेऊन मग वर जाऊ द्या, म्हणजे तारेवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न शिरता खाली ठिबकेल. टाकीच्या जोडणीला गळती ओळखून वीज तोडणारा स्विच असेल तर उत्तम.

पंखा लावायचा तर झाकण उघडं हवं, आणि झाकण उघडं म्हणजे उडी मारणाऱ्या माशांना आमंत्रण. उकाड्याने अस्वस्थ झालेला मासा जास्तच उडतो. म्हणून जाळी आधीच कापून, चौकटीला ताणून तयार ठेवा. हवा दमट असेल तर वाफ कमी होते आणि पंख्याचा गुण ओसरतो. त्याच खोलीत पाण्यावर चालणारा कूलर लावला, तर खोली गार वाटते, पण दमटपणा वाढून टाकीवरचा पंखा थोडा निकामी होतो. एसी असेल तर प्रश्न वेगळा. खोलीच थंड राहिली तर टाकीला निराळं काही करावं लागत नाही.

पंख्याने पाणी उडतं ते शुद्ध पाणी. क्षार मागेच राहतात. दर वेळी जड पाण्याची भर घालत गेलात तर काही आठवड्यांत टाकीचं पाणी आणखी जड होतं. म्हणून भर घालायला आरओचं किंवा कमी क्षाराचं पाणी बाजूला ठेवा, आणि नेहमीचं पाणी बदलणं चालूच ठेवा. समुद्री टाकीत तर हे रोजच बघावं लागतं, कारण उडालेल्या प्रत्येक लिटरमागे खारटपणा चढतो. शिवाय खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. प्रवाळ असतील तर पंख्याच्या भरवशावर उन्हाळ्यात उतरू नका, चिलर (पाणी गार करणारं यंत्र) घ्या.

टाकीवर थेट ऊन येतंय का, ते उन्हाळ्याच्या दिवसांतच तपासा. सूर्याची वाट बदलते, आणि हिवाळ्यात सावलीत असलेली काच आता तास-दोन तास उन्हात असू शकते. पडदा लावा. दिव्याची वेळ सहा तासांवर आणा, आणि तो दुपारी न लावता सकाळी किंवा रात्री लावा. जुने ट्यूबलाइट झाकणातच बसवलेले असतील तर त्यांची सगळी उष्णता पाण्याच्या डोक्यावर साठते. एलईडीने ती पुष्कळ कमी होते, पण झाकणातून मोकळी हवा खेळायला हवीच. हीटर आहे तो काढून टाकण्याची गरज नाही, मात्र त्याचा थर्मोस्टॅट ठरलेल्या तापमानाला वीज नीट तोडतो की नाही ते बघा. आतला संपर्क चिकटलेला हीटर उन्हाळ्यात घात करतो. शंका असेल तर प्लग काढून ठेवा. पंख्याला तापमान-नियंत्रक लावणार असाल तर पंखा बंद होण्याचा आकडा हीटर चालू होण्याच्या आकड्यापेक्षा निदान दोन अंश वर ठेवा. नाहीतर दोघे रात्रभर एकमेकांशी भांडतात आणि बिल तुम्ही भरता.

बर्फाबद्दल थोडं सविस्तर, कारण घाबरलेला माणूस पहिल्यांदा फ्रीजकडेच धावतो. बर्फाचे खडे थेट टाकीत टाकू नका. नळाच्या पाण्याचे असतील तर त्यात क्लोरीन असू शकतं, आणि खड्यांभोवतीचं पाणी एकदम थंड होतं. प्लास्टिकच्या स्वच्छ बाटल्या घ्या, लेबल आणि गोंद काढा, पाणी वरच्या गळ्याच्या थोडं खालपर्यंतच भरा (गोठताना ते सुमारे ९ टक्के फुगतं), बूच घट्ट लावून फ्रीझरमध्ये ठेवा. एक लिटरची गोठलेली बाटली पूर्ण वितळून टाकीच्या तापमानाला येईपर्यंत १०० लिटर पाणी साधारण एक अंशाने उतरवते. हा हिशेब लक्षात ठेवला की बाटल्या किती लागतील ते कळतं, आणि ३०० लिटरच्या टाकीत एक बाटली तरंगवून काही होत नाही हेही कळतं. बाटल्या जोडीने ठेवा: एक टाकीत, दुसरी फ्रीझरमध्ये. पाणी तासाला एक अंशापेक्षा जास्त वेगाने खाली आणू नका. ३२ अंशांवरून धाडकन २६ वर आणणं माशाला ३२ पेक्षाही जड जातं, आणि असा धक्का बसलेल्या माशांवर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग चटकन चढतो. बाटलीने दुपारी उतरवलेलं तापमान रात्री परत चढत असेल, तर तो चढउतारही त्रासाचाच. रोज बाटल्या घालाव्या लागत असतील तर पंख्याची सोय करा.

चिलर ही चांगली वस्तू, पण गोड्या पाण्यातल्या बहुतेक टाक्यांना तो लागत नाही. घेतलाच तर टाकीचे लिटर बघून नेमका घ्या, पंपाचा प्रवाह त्याला पुरेल इतका ठेवा, आणि तो बंद कपाटात कोंबू नका. चिलर पाण्यातली उष्णता काढून खोलीत टाकतो. कपाटात ठेवला तर स्वतःच्याच गरम हवेत धापा टाकतो. जाळीवरची धूळ झाडणं हेही यादीत लिहा.

मासे आणि खाणं. उन्हाळ्याच्या तोंडावर नवे मासे आणू नका. टाकी आधीच दाटीची असेल तर काही मासे दुसऱ्या टाकीत हलवा. खाणं निम्म्यावर आणा, तेही सकाळी. पचवायलाही प्राणवायू लागतो, आणि उरलेलं अन्न गरम पाण्यात लवकर कुजतं. निरोगी मोठ्या माशांनी एक-दोन दिवस उपास केला तर काही बिघडत नाही. शिवाय अमोनियाचा विषारी भाग तापमानाबरोबर वाढतो: पीएच ८ असताना २५ अंशांना एकूण अमोनियाच्या सुमारे सव्वापाच टक्के, तर ३० अंशांना साडेसात टक्के. म्हणून तपासणीचा किट संपत आला असेल तर आत्ताच आणा. औषध घालायची वेळ आलीच तर हवा दुप्पट करा, कारण फॉर्मेलिनसारखी औषधं पाण्यातला प्राणवायू आणखी घटवतात.

वीज जाईल हे धरूनच चला. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप ही माझ्या मते चिलरच्या आधीची खरेदी. सेल वेगळे काढून त्याच डब्यात ठेवा. काहीच नसेल तर स्वच्छ मगाने टाकीतलंच पाणी वरून परत टाकीत ओतत राहा, मासे तगतात. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) बरेच तास बंद राहिला तर आतलं पाणी प्राणवायूविना कुजू लागतं. तो धुऊन, आतलं पाणी फेकूनच परत सुरू करा.

मासे तोंड वर करून पृष्ठभागाला लटकताहेत, कल्ले भराभर हलताहेत, किंवा सगळे फिल्टरच्या धारेपाशी जमलेत, तर थर्मामीटर नंतर बघा. आधी पंप पूर्ण जोरावर, झाकण उघडं, दिवा बंद, खाणं बंद. मग क्लोरीन घालवलेलं, टाकीपेक्षा एक-दोन अंशच थंड असं पाणी वापरून दहा-पंधरा टक्के पाणी बदला. यासाठी क्लोरीननाशक घालून ठेवलेली बादली घरातल्या गार कोपऱ्यात कायम भरलेली असू द्या. भर दुपारी नळाला कोमट पाणी येत असेल तर ऐन वेळी उपयोग नाही.

गावाला जाणार असाल तर खाण्याच्या पुड्या करून ठेवा, एका दिवसाची एक, आणि बाकीचा डबा लपवा. शेजाऱ्याला दोनच गोष्टी सांगा: पंखा आणि पंप बंद करू नका, आणि पाण्याची पातळी काचेवरच्या या खुणेखाली आली तर या बादलीतलं पाणी घाला. खूण मार्करने खरोखर काढून दाखवा.