गावठी कोंबड्यांची थंडीतली सोय

आरे किंवा गोराईकडच्या मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांना जानेवारीतली पहाट झोंबते, पण मोठ्या कोंबडीला मुंबईची थंडी मारत नाही. मारते ती ओल आणि अंगावर येणारा वारा. म्हणून आख्खं खुराडं प्लास्टिकने गुंडाळू नका. वाऱ्याच्या बाजूला रात्री गोणपाट सोडा, छपराखालची वीतभर फट मात्र उघडीच ठेवा. सकाळी दार उघडताच डोळे चुरचुरले, तर आत अमोनिया साठलाय असं समजा. गोणपाट आणखी वर घ्या.

खाली दोन-तीन इंच भाताचं तूस पसरा. मुठीत दाबून गोळा झाला तर ते ओलं आहे, बदला. बसायला जमिनीपासून हात-दीड हात उंच जाड दांडा द्या, म्हणजे पाय पिसांखाली झाकून बसता येतं. संध्याकाळी कोंडताना मूठभर मका टाका.

पिल्लांचं गणित वेगळं. पहिल्या आठवड्यात त्यांना साधारण 35 अंश ऊब लागते. खुडूक (अंडी उबवायला बसलेली) कोंबडी असेल तर पिल्लं तिच्याखाली सोडा, नाहीतर बल्ब लावा. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढली की तो खाली घ्या, लांब पळाली की वर.